पानओवा, अर्धा

"हात दाखवा."

राऊतनानांचं पहिलं वाक्य हे. या नाही, बसा नाही, कुठून आलात नाही. दारातच एक बुटकं टेबल, त्यामागे स्टुलावर नाना, आणि टेबलावर ओला पांढरा पंचा. हात आधी उपडे दाखवायचे, मग उताणे. ते नखं बघायचे आणि मग पंचा पुढे सरकवायचे. मी तीस वर्षं विम्याच्या दाव्यांच्या खात्यात काढलीत. खोट्या कागदाचा वास मला पाकीट फोडायच्या आधी यायचा. दुसऱ्यावर संशय घेणं हे माझं काम. माझ्यावर कोणी घ्यायचा म्हणजे काय! मी म्हटलं, "मी काही कोळसे पाडून आलेली नाही." तर म्हणाले, "उजव्या अंगठ्याला हळद आहे. पंचा तिथे आहे."

होती हो हळद. मेली सकाळपासून गेली नव्हती.

या माणसाला मी पुढे माझ्या सहीनिशी चोर ठरवलं. ते निस्तरायचं राहून गेलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. त्यांचं आडनाव राऊत नव्हतं. ज्या वाड्यांविषयी, म्हणजे घराभोवतालच्या बागायतींविषयी, पुढे येईल त्या कोणत्या, कोणत्या वळणावर, हेही मी सांगणार नाही. वाचणाऱ्यांत कोण कोण आहे, मला काय माहीत?

आगाशीच्या बाजाराच्या मागे, पूर्वी ज्यात केळी सुकवायचे अशा एका लांबट कौलारू घरात ते वाचनालय होतं. पाटीवर 'बागायत ग्रंथसंग्रह', आणि गावात सगळे म्हणायचे झाडांचं वाचनालय. कोणे एके काळी विड्याच्या पानांचा व्यापार करणारे एक शेठ होते. त्यांना झाडांच्या पुस्तकांचं वेड. त्यांनी जन्मभर जमवलेली पुस्तकं तिथे होती: कलमं बांधायची, विहिरीच्या पाण्यावरची, हाताने रंगवलेल्या फुलांच्या चित्रांची, पेरू-अननस-काजू जहाजातून आपल्याकडे कसे उतरले त्याची. कादंबरी मागायला कोणी आलं तर नाना म्हणायचे, "इथे फक्त खरं असतं."

निवृत्तीनंतर मी लालबाग सोडून बोळिंजला चौथ्या मजल्यावर राहायला आले. बाल्कनीत चार वेली लावाव्यात, म्हणून वेलींवरचं एक जुनं सचित्र पुस्तक मागायला गेले. तेव्हा कळलं की इथे पुस्तक घरी न्यायचं तर अनामत म्हणून रोप ठेवावं लागतं. वाचकाच्या घरचं, त्याने स्वतः वाढवलेलं. नाना ते मागच्या अंगणात विहिरीजवळ लावायचे, पत्र्याच्या तुकड्यावर वाचकाचं नाव खिळ्याने कोरून शेजारी खोचायचे. पुस्तक परत केलं की रोप परत. ज्यांनी परत केलं नाही त्यांची रोपं तिथेच वाढली. एका निवृत्त मास्तरांची जास्वंद तर पुरुषभर उंच होऊन बसली होती. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचे आणि मास्तरांचं नाव मोठ्याने वाचायचे.

मी काय केलं, वाटेतल्या रोपवाटिकेतून मोगरा उचलला आणि नेऊन दिला. नानांनी पिशवी फाडली, मुळं बोटाने चाचपली. "काल घेतलात?"

"छे हो! दोन वर्षं बाल्कनीत आहे."

"दोन वर्षांत मुळं पिशवीच्या बाहेर डोकावली असती. ही अजून पिशवीच्याच आकाराची आहेत. बाई, ज्यात जीव गुंतलेला नाही त्याची अनामत कसली?"

अस्सा राग आला म्हणता! पण पकडले गेले होते. दुसऱ्या दिवशी मी पानओवा नेला. आईच्या लालबागच्या खिडकीत तुपाच्या डब्यात होता तो. तिच्या मागे मी डब्यासकट इकडे आणला होता. नानांनी डबा फिरवून बघितला, पान चुरगळून वास घेतला, मान डोलावली. आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "एक फांदी घरी ठेवून आलात ना?"

"नाही."

"बरं."

त्यांनी अनामतवही उघडली आणि माझ्या नावापुढे लिहिलं, 'पानओवा, अर्धा'. पंधरा दिवसांऐवजी पुस्तक आठवडाभरच मिळालं.

फांदी ठेवली होतीच मी. नानांना कसं कळलं हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या तोंडावर दिसलं असेल, नाहीतर ते प्रत्येकाच्या बाबतीत तसं धरूनच चालत असतील. गंमत म्हणजे ती घरची फांदी आठ दिवसांत कुजली. आईचा म्हणून जो काही पानओवा उरला तो नानांच्या अंगणात. मग पुस्तक परत केलं की दुसरं मागायचं, रोप आपलं तिथेच, असा माझा परिपाठ पडला. दुसऱ्या पुस्तकालाही मुदत आठवडाच. वहीतलं 'अर्धा' काही त्यांनी खोडलं नाही.

तुम्हाला वाटेल, माणूस विक्षिप्त होता. होताच. परत आलेल्या पुस्तकाची पानं ते तुमच्यासमोर मोजायचे, अंगठ्याला पाणी लावून नव्हे, शिसपेनच्या मागच्या रबराने एकेक उलटत. तोवर तुम्ही उभे. पूर्वी कोणीतरी रंगीत चित्रं कापून नेली होती, तेव्हापासून त्यांचा एक मंत्र झाला होता, "ज्याला घाई, त्याच्या खिशात कात्री." घाईत असलेल्या माणसाची पानं ते दोनदा मोजायचे. एकदा जवळच्या चर्चमधले म्हातारे फादर आले. परदेशातून आलेल्या फळझाडांविषयी त्यांना काही बघायचं होतं. मला वाटलं, निदान यांना तरी सोडतील. कसले सोडतायत! "फादर, हात." फादर हसले, दोन्ही हात पुढे केले. म्हणाले, "रोज देवाला दाखवतो, तुम्हाला दाखवायला काय हरकत आहे?" नानांनी नखं बघितली आणि पंचा पुढे सरकवला.

पण या सगळ्या पुस्तकांपेक्षा नाना जपायचे त्या वाड्यांच्या वह्या. एका लाकडी पेटीत एकतीस वह्या होत्या. इथल्या जुन्या बागायती घरांत बांधावर झाड लावलं की वहीत टिपून ठेवायची रीत होती: कोणतं झाड, कोणी लावलं, कलम कुठून आणलं, विहिरीपासून किती पावलांवर. तरुणपणी नाना सायकलवरून दारोदार हिंडून त्या वह्या घेऊन आले होते. त्या कोणालाही घरी मिळत नसत. मी एकदा नुसती पेटीला हात लावला तर म्हणाले, "बोळिंजवाल्या बाई, तिकडे तुमच्या वेली नाहीत."

मग पुनर्बांधणीची टूम निघाली. वाचनालयाची जागा बिल्डरला जाणार, पुस्तकं लांबच्या एका संस्थेला देणार, असं समितीने ठरवलं. समिती म्हणजे मुख्यतः शेठजींचे पुतणे सुहासराव. मी नियमित वाचक, त्यात दाव्यांच्या खात्यातली, म्हणून मोजदाद करायला त्यांनी मला गळ घातली. "ताई, तुमच्यासारखी काटेकोर बाई मिळणार नाही." मी फुलले. खोटं कशाला सांगू, स्तुती कोणाला नको असते? तेवढ्यात सुहासराव जाता जाता म्हणाले, "त्या वाड्यांच्या वह्या मात्र आधी बघा. त्या वेगळ्या काढून माझ्याकडे द्या." पुढच्या चार दिवसांत त्यांचे तीन फोन आले. पुस्तकांविषयी चकार शब्द नाही. तिन्ही वेळा वह्या. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझा सगळा संशय दुसरीकडे खर्ची पडला होता.

कारण मी नानांना बसमध्ये बघितलं होतं. मी बोळिंजला चढले, ते आगाशीहून आलेल्या त्याच बसमध्ये मागे बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. मला बघून त्यांनी पिशवी बाकाखाली सरकवली. आता सांगा, दाव्यांच्या खात्यातली बाई गप्प बसेल? ते उतरले तिथे मीही उतरले. ते एका वाडीत शिरले. मी केळींच्या आड, डास मारत उभी. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा पिशवी रिकामी. फाटकात उभं राहून त्यांनी शर्टाच्या खिशात काहीतरी जपून ठेवलं आणि वरून थोपटलं. काय ठेवलं असेल ते मी मनाशी ठरवून टाकलं. असं तीनदा झालं, तीन वेगवेगळ्या वाड्यांत.

मोजदादीच्या दिवशी पेटी उघडली. एकतीसपैकी नऊ वह्या जागेवर. बाकीच्या कप्प्यांत घडी घातलेले कोरे कागद, आणि प्रत्येक घडीत एकेक वाळकं पान. नाव नाही, नंबर नाही, काही नाही. म्हटलं, वा! कप्पे रिकामे दिसू नयेत म्हणून काय शक्कल काढली आहे! नाना तेव्हा विहिरीवर रोपांना पाणी घालत होते. मी ती सगळी पानं, कागद केरसुणीने गोळा केले आणि पुढच्या अंगणात केर जाळायला पेटवलेल्या शेकोटीत टाकले. टापटीप राहायची सवय ना मला. अहवालात लिहिलं: 'बावीस वह्या गहाळ. त्या जागी पाचोळा भरून ठेवल्याचे आढळले. ग्रंथपालांस अनेकदा भरलेली पिशवी घेऊन वाड्यांत शिरताना पाहिले आहे.' खाली सही, ठसठशीत.

समितीची बैठक वाचनालयातच झाली. सुहासरावांनी अहवाल मोठ्याने वाचला. नाना आपल्या स्टुलावर बसून ऐकत होते. सुहासरावांचा आवाज चढला. "कोणाला दिल्यात वह्या? बोला ना! चाळीस वर्षं विश्वास ठेवला तुमच्यावर!"

नाना त्यांच्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. "बाई, पाचोळा कुठे आहे?"

"जाळला," मी म्हटलं.

नाना उठले. कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली, पंच्याची घडी घातली आणि तो खांद्यावर टाकून निघून गेले. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "बघा, चोराच्या मनात चांदणं." मीही मान हलवली. ती हललेली मान मला आजही झोपेत आठवते.

बातमी बाजारात पसरायला कितीसा वेळ लागतो? फुलंवालीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. सुहासरावांनी मात्र मला सोडलं नाही. "ताई, ज्या वाड्यांत तो शिरला त्या मला दाखवा." पुन्हा वह्या! तेव्हा कुठे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. म्हटलं, आधी मी एकटी जाऊन येते.

पहिल्या वाडीत जानकीकाकी होत्या, हेही नाव खरं नाही. सत्तरीच्या, ओसरीवर बकुळीच्या फुलांचे गजरे करत बसलेल्या. मी सरळच विचारलं, नानांनी इथे काय विकलं?

"विकलं?" काकींनी सुई थांबवली. "कोन म्हनतं विकलं? तू कोन गो?"

मी वाचनालयाचं नाव सांगितलं. त्यांनी गजरा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नाना झाड परत मागाया आलता."

"कसलं झाड?"

त्यांनी अंगणाकडे बोट केलं. कौलांच्याही वर गेलेली बकुळ होती ती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी नाना त्यांच्या सासऱ्यांची वही घेऊन गेले, तेव्हा वहीच्या बदल्यात अनामत म्हणून बकुळीचं वीतभर रोप ठेवून गेले होते. वाचकाने पुस्तक नेलं की वाचकाचं रोप वाचनालयात, आणि वाचनालयाने वही नेली की वाचनालयाचं रोप त्या घरात. नियम म्हणजे नियम. आता वाचनालय बंद होणार, म्हणून नाना वही घेऊन आले होते आणि रोप परत मागत होते.

"म्या म्हनलं, नाना, हे आता काय उपटून नेतोस? आमच्या विहिरीचं पानी पिऊन एवढं झालं. एक पान ने. तर त्यानं खरंच एक पान खुडलं, खिशात ठेवलं. म्हनला, ही पोच."

 बावीस पानं. बावीस पोचपावत्या. नाव मुद्दामच लिहिलेलं नव्हतं. कोणत्या घरी कोणतं झाड दिलं हे एकट्या नानांना ठाऊक, आणि ते पान बघून सांगू शकत होते. जगात कोणी कोणाला दिलेली नसेल अशी पोच, आणि मी ती केरसुणीने लोटून शेकोटीत घातली होती!

काकींनी आतून तांदळाच्या डब्यात ठेवलेली वही आणून दाखवली, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली. "नाना म्हनला, कोनाला दावू नको. बांधावरची झाडं कोनाची ते हिच्यात लिवलंय. ही ज्याच्या हाती गेली त्यो बांध सरकवील." मग त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. वही पुन्हा गुंडाळत म्हणाल्या, "तुला तरी कशाला दावली म्या?"

तिथून थेट नानांच्या घरी गेले. तळ्याजवळ एक खोली, बायको केव्हाच गेलेली, मुलगी नाशिकला. दार उघडलं नाही त्यांनी. खिडकीतूनच विचारलं, "कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही."

"नक्की?"

"नाना, मी उद्याच्या उद्या समितीपुढे जाते. चूक माझी आहे. मी सांगते वह्या कुठे आहेत, कोणी चोरी केलेली नाही."

"आणि परवा सुहासराव जानकीवहिनीच्या दारात उभा राहील."

 तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. त्यांना निर्दोष ठरवायचं तर वह्यांचा ठावठिकाणा सांगायला हवा, आणि तो लपवायचा तर हा माणूस चोरच राहणार. मधला रस्ताच नव्हता. मी रडले. हो, खिडकीचा गज धरून भर दुपारी रडले, रस्त्यावरची माणसं बघत होती.

"पानं जाळलीत ते एका परीने बरंच झालं," नाना आतून म्हणाले. "पान ओळखणारा मी एकटाच नसेन. आता कोणाला काही सापडायचं नाही."

"पण तुमचं नाव?"

"नावाचं काय करायचंय? चोर म्हणतात ना, म्हणू दे. चोराला माल कुठे ठेवलास विचारून विचारून दमतात आणि सोडून देतात. साक्षीदाराला सोडत नाहीत." मग म्हणाले, "तुम्ही गप्प बसाल ना? मला खात्री नाही हो. पण आता इलाज नाही."

सुहासरावांना मी सांगितलं की वाड्या मला आठवत नाहीत, केळी सगळीकडे सारख्याच दिसतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी आयुष्यभर लोकांकडे बघत आले. ते खरोखर त्या वह्यांचा वाईट उपयोग करणार होते का? सिद्ध काही झालं नाही. त्यांच्या मनात काही नसेलही. नानांना नव्हतं तसं वाटत, आणि मलाही नाही.

उरलेल्या नऊ वह्या पेटीत होत्या, त्या पुस्तकांबरोबर गेल्या असं सांगतात. नाना त्या नऊ घरांपर्यंत पोचायच्या आधीच माझी मोजदाद आली होती.

त्यानंतर महिन्याभराने दुपारी माझी बेल वाजली. नाना. चार मजले चढून आलेले, कारण लिफ्टवरही त्यांचा विश्वास नव्हता. हातात तुपाचा डबा. आईचा डबा, आणि त्यात पानओवा, नुसता डवरलेला. वाचनालय पाडायला सुरुवात होणार होती. त्याआधी मागच्या भिंतीवरून अंगणात उतरून, या वयात, त्यांनी सगळ्यांची रोपं काढली होती आणि एकेकाच्या घरी पोचवत होते. जास्वंद छाटून मास्तरांच्या सुनेला दिली म्हणाले.

मी आत गेले, वेलींचं पुस्तक आणलं. वाचनालय बंद व्हायच्या आधी तेच पुन्हा आणलं होतं, ते माझ्याकडेच राहिलं होतं. दारातच दोन्ही हात पुढे केले, आधी उपडे, मग उताणे, आणि पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, "मोजा."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही. "हे तुमच्या अहवालात होतं?"

"होतं की. 'वाचकाकडे' म्हणून लिहिलंय."

"गहाळ नाही लिहिलंत?"

"गहाळ कसं लिहीन, नाना? माझ्या घरी तर होतं."

"वह्याही घरीच होत्या, बाई," नाना म्हणाले.

रागाने म्हणाले असते तर मला सोसलं असतं. हिशेब समजावून सांगावा तसं म्हणाले. पुस्तक माझ्याकडे परत दिलं. पानं मोजली नाहीत. चाळीस वर्षांत न मोजता सोडलेलं पुस्तक ते एवढंच असेल. मग वाकून डब्यातल्या पानओव्याचं एक पान खुडलं, खिशात ठेवलं, वरून थोपटलं.

पाणी घ्या म्हटलं तर नको म्हणाले. जिना उतरताना पावलागणिक कठडा हलवून बघत होते, पक्का आहे की नाही.

नाना पुढे नाशिकला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. मी बाल्कनीतून बघितलं ते शेवटचं: बोळिंजच्या थांब्यावर उभे होते, खांद्यावर पंचा, आणि एक हात शर्टाच्या खिशावर. बस आली, गर्दी लोटली, तरी तो हात त्यांनी खाली घेतला नाही.